भिका नानाचा कोळसा

आमच्या गावात कुणाच्या घरी लग्न निघालं की सगळ्यांत आधी भिका नाना खूश व्हायचा. नवरा कोण, नवरी कुठली, याच्याशी त्याला काही घेणं नसायचं. त्याचा प्रश्न एकच, "सैपाक कितला मानसेसना शे?" तिकडे मंडपात अंतरपाट धरलेला असायचा, भटजी गळा काढून मंगलाष्टकं म्हणत असायचे, आणि नाना मंडपामागे चुलवणाशी पाण्याची बादली घेऊन उभा असायचा. शेवटचा हंडा उतरला की आचाऱ्याला कोपराने बाजूला सारून तो निखाऱ्यांवर पाणी मारायचा. चर्र आवाज व्हायचा आणि वाफेचा लोट मंडपात शिरायचा. एका लग्नात तर ऐन 'सावधान'ला हा लोट आला आणि नवरदेवाची माळ नवरीऐवजी तिच्या मामाच्या गळ्यात पडता पडता राहिली.

"राख व्हई गयी ते कामनी नही," नाना सगळ्यांना समजावायचा. "कोयसा ऱ्हायना पाहिजे."

मग जेवायला न थांबता तो ओले कोळसे पोत्यात भरायचा आणि पोतं डोक्यावर घेऊन घरी निघायचा. काळ्या पाण्याचे ओघळ मानेवरून, बंडीवरून, धोतरावर. वऱ्हाडातली लहान पोरं त्याला बघून रडायची.

नानाचं आणि आमचं घर भिंतीला भिंत, शेत बांधाला बांध. माझ्या वडिलांपेक्षा तो थोडा मोठा. आमच्या अहिराणीत बापालाही अरे-तुरेच करतात, म्हणून मीही त्याला इथे एकेरीतच लिहितो. दुसरी लढाई सुरू व्हायच्या आधीचे दिवस. नंदुरबारला गाडी जुंपून सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचायचं. तिथल्या मिरचीच्या पथाऱ्यांवर आमच्या गावाची मिरची पसरली की व्यापारी लांबूनच ओळखायचे, असं जुनी माणसं सांगत. मी मोठा होईपर्यंत मात्र ओळखण्याइतकी मिरची गावातून जातच नव्हती, कारण तिला मर लागली होती.

मर म्हणजे काय ते ज्याच्या शेतात आली त्यालाच कळतं. भादव्यात झाड कंबरेइतकं झालेलं, फुलांनी भरलेलं. एका दुपारी त्याची पानं खाली पडलेली दिसतात. तुम्ही म्हणता, ऊन लागलं असेल. संध्याकाळी ते पुन्हा ताठ होतं, तुम्ही निवांत झोपता. दुसऱ्या दुपारी पुन्हा मान टाकतं. असं दोन-चार दिवस तुम्हाला आशेवर ठेवून ते उभ्या उभ्या वाळतं. शेजारचं झाड त्याच्याकडे बघत असतं, मग त्याची पाळी. काही जण नवस करत, काही दृष्ट काढत, माझे वडील नुसते बांधावर बसून तंबाखू मळत.

नाना झाड उपटायचा. स्वतःच्या शेतातलं, माझ्या वडिलांच्या शेतातलं, वाटेवरच्या परक्या माणसाच्या शेतातलंही. लोट्यातल्या पाण्याने मुळी धुवायचा, नखाने साल सोलायचा आणि वास घ्यायचा. "वरथून काय देखस? मुयी देख," हे त्याचं कायमचं वाक्य. मुळी तपकिरी आणि लिबलिबीत निघायची. ती तो समोरच्याच्या नाकाखाली धरायचा. सकाळी कुणी न्याहारी करत असलं तरी धरायचा.

हे मुळीचं वेड त्याने शेतापुरतं ठेवलं नाही. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो तेव्हा नाना बरोबर होता. सगळे मुलीकडे बघत होते, आणि नाना ओसरीच्या कोपऱ्यात बसलेल्या तिच्या आजीला विचारत होता, "माय, तुन्हा दात शेत का अजून?" आजीने त्याला सुपारी फोडून दाखवली. मुलगी मला आवडली म्हणून लग्न ठरलं असं मी समजत होतो. नाना शेवटपर्यंत सांगायचा की मुळी चांगली निघाली म्हणून ठरलं.

कोळशाचं खूळ त्याच्या डोक्यात शिरलं त्याला कारण होतं. एका उन्हाळ्यात धडगावकडचे दोघे भाऊ डोंगर उतरून आले. नानाच्या बांधावरच्या बाभळी तोडायच्या होत्या. त्यांनी लाकूड घेतलं आणि शेताच्या कडेलाच भट्टी लावून त्याचा कोळसा केला. कोळसा घेऊन ते गेले, मागे काळ्या मातीचा एक गोल राहिला. पावसाळ्यात नानाने नेहमीसारखी मिरची लावली. भादव्यात नेहमीसारखी मर आली. सगळं वावर पिवळं पडून वाळलं आणि त्या गोलातली झाडं हिरवीगार उभी. नानाने त्यातलं एक उपटलं. मुळी पांढरी, दाट केसांची. तो ती हातात घेऊन आमच्या अंगणात आला, माझ्या आईच्या पुढ्यात धरली आणि म्हणाला, "वास ले." आईने घेतला. "काय येस वास?" "मातीना," आई म्हणाली. नाना तिथेच मटकन बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मातीचा वास येतो म्हणून रडणारा माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या वर्षी त्याने कोळसा कुटून कोरडाच शेतात फेकला. झाडं अशी पिवळी पडली की गाव विचारायला लागलं, "नाना, मिरची लाई का हयद?" उरलेलं कोळशाचं पोतं नानाने रागाने गोठ्यात भिरकावलं. बैलांनी त्याच्यावर जे काय करायचं ते चार महिने केलं. मग घाण झाली म्हणून नानाच्या बायकोने ते शेताच्या एका कोपऱ्यात नेऊन उपडं केलं. आणि पुढल्या सालात त्या कोपऱ्यातली मिरची मरेना.

यावरून नानाने काढलेला सिद्धान्त त्याच्याच शब्दांत सांगतो. "कोयसाले भूक ऱ्हास. उपाशी कोयसा झाडनंच खाई लेस. पहिले त्याले जेवाडा, मंग वावरमा टाका." तेव्हापासून घरामागे एक खड्डा आला. त्यात कुटलेला कोळसा, शेण आणि बैलांचं मूत महिनोन्‌महिने मुरत असायचं आणि नाना रोज काठीने ते ढवळायचा. लोक पंगतीत त्याच्या शेजारी बसेनात. नानाला त्याचं काही नव्हतं, तो तसाही पंगतीला थांबत नसे.

नानाची बायको मथुरा नानी. त्यांना मूलबाळ नव्हतं. नानी अंगाने बारीक, आवाजाने मोठी. चुलीतलं लाकूड लाल झालं की नाना ते ओढून बाहेर काढायचा, कारण तसंच राहिलं तर त्याची राख होणार. वर तव्यावर भाकरी अर्धी भाजलेली असायची. भिंतीपलीकडून आम्हाला रोज ऐकू यायचं.

"लोकेसना नवरा बायकोले सोनं आनतस. मन्हा नवरा मन्ही चूलमाईन कोयसा चोरी लई जास."

"एकच काडी काढी."

"भाकर कच्ची ऱ्हायनी ते तूच खाशी."

"खासू," नाना म्हणायचा, आणि खायचा. दुपारी मात्र तो शेतात गेला की नानी स्वतःच चुलीतले कोळसे विझवून एका फुटक्या माठात साठवून ठेवायची. मी एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "त्याले सांगू नको. त्याले चोरीनाच कोयसा गोड लागस."

नंदुरबारात नानाचा एक दोस्त होता, गनी चाचा, कल्हईवाला. त्याच्या भात्यापुढे कोळशाचा चुरा पडायचा तो गनी चाचा नानासाठी गोळा करून ठेवी. "अरे भिका, तू किसान है के लोहार?" असं तो दरवेळी विचारायचा आणि नाना दरवेळी त्यावर पहिल्यांदा ऐकल्यासारखा हसायचा. चुरा गाडीत चढवला की दोघं पेठेत चहा प्यायचे. एकदा गनी चाचाने त्याला स्टेशनवर नेलं. इंजिनाचा कोळसा केवढा पडलेला असतो, तो बघ म्हणाला. नानाने एक तुकडा उचलला, हुंगला, दाताखाली धरला. "हाऊ कोयसा नही, दगड शे," म्हणून तो तुकडा त्याने परत नेमक्या त्याच जागी ठेवला. तोवर स्टेशनातला एक माणूस धावत आला होता. कोळसा चोरणारे त्याने पुष्कळ पाहिले होते, पण चावून परत ठेवणारा पाहिला नव्हता, म्हणून सोडून दिलं.

एक वर्ष शेतकी खात्याचे एक साहेब गावात आले. भला माणूस. नानाच्या कोपऱ्यातल्या मुळ्या त्यांनी नीट पाहिल्या, बाहेरच्या मेलेल्या झाडांच्या पाहिल्या. म्हणाले, "फरक आहे खरा. पण मेलेली झाडं उपटून जाळा, शेतात पाणी तुंबू देऊ नका, दोन-तीन वर्षं मिरची बंद ठेवून ज्वारी घ्या. कोळसा चांगलाच, पण सबंध शेताला पुरेल एवढा आणणार कुठून?" नानाने त्यातला शेवटचा प्रश्न तेवढा घरी आणला. बाकीचं सगळं बांधावरच सोडून आला.

त्या उन्हाळ्यात त्याने गावभरच्या पऱ्हाट्या गोळा केल्या. कापूस वेचून झाला की त्या वाळक्या काड्या लोक जळणाला ठेवतात. नाना दारोदार फिरून मागायचा. त्याने घरामागे खड्डे खणले. पऱ्हाट्या पेटवायच्या, भडकल्या की वरून ओला पाला आणि माती टाकून जाळ कोंडायचा, म्हणजे आत कोळसा होतो. कोंडलेल्या जाळाचा धूर फार वाईट. पांढरा, जड, जमिनीलगत सरपटणारा. आमच्या घरात दिवसभर डोळ्यांना धारा लागायच्या. माझी बायको पोटुशी होती, तिला मी माहेरी पाठवून दिलं.

नाना पऱ्हाट्या आणायला गेला की खड्ड्यांवर नानी बसायची. कुठे फट पडली की माती सारायची, कारण फट राहिली की आत राख होते. तिला आधीपासून खोकला होताच. त्या उन्हाळ्यात तो भिंतीपलीकडून सारखा ऐकू यायला लागला. भांडणं मात्र ऐकू येईनाशी झाली. आम्हाला वाटलं, दोघं कामात आहेत.

त्या वर्षीची मिरची मी आयुष्यात विसरणार नाही. सबंध शेताला मुरवलेला कोळसा मिळाला होता, कुठे दाट, कुठे पातळ. श्रावण संपेपर्यंत एक झाड मेलं नाही. भादवा लागला, आमच्या शेतात मर आली, बांधापलीकडे नानाचं शेत हिरवं. माणसं बघायला यायची. नाना प्रत्येकाला झाड उपटून मुळी दाखवायचा. शेवटी नानी त्याला म्हणाली, "मर नही मारी ते तूच मारी टाकशी सगया झाडं." तो हसला. त्याला असं सैल हसताना मी नंतर कधी पाहिलं नाही.

मग झड लागली. आठवडाभर पाऊस उघडला नाही. नानाचं शेत सखल, पाणी तुंबलं. नाना गुडघाभर चिखलात चर काढत फिरत होता. मी आणि वडीलही फावडी घेऊन गेलो, पण एका ठिकाणचं पाणी काढावं तर दुसरीकडून भरायचं. ऊन पडलं त्या दुपारी सगळ्या झाडांनी एकदम माना टाकल्या. एकेक नाही, सगळ्यांनी. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली नाहीत. उंचावरच्या त्या जुन्या कोपऱ्यात, जिथे कोळसा साल दर साल जिरला होता, तिथली तेवढी उभी राहिली. बाकी वावर आठ-दहा दिवसांत वाळून खडखडीत झालं.

नाना बांधावर बसून राहिला. एकही झाड उपटलं नाही, वास घेतला नाही. मी शेजारी जाऊन बसलो. मग नानी आली. घरापासून शेतापर्यंत यायला तिला दोनदा बसावं लागलं होतं, ते मी लांबून पाहिलं. ती उभी राहून दम खात म्हणाली, "कोपरामजारली जित्ती शे ना? मंग पुढला साल बाकीनी भी ऱ्हाई. उठ. भाकर थंडी व्हई ऱ्हायनी."

नाना उठला. मला वाटतं, तो तिच्यासाठी उठला. मिरचीसाठी उठण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

दसऱ्यानंतर नानीने अंथरूण धरलं. गाडीत गवत घालून आम्ही तिला नंदुरबारला नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं आणि विचारलं, "धुरात फार बसता का, बाई?" नानी म्हणाली, "बाया धूरमाच बठतस, डागदरसायेब." नाना दाराशी उभा होता. त्याने ऐकलं. परतीच्या वाटेवर तो गाडीत बसला नाही, बैलांच्या बाजूने चालत आला.

दिवाळी तोंडावर आलेली असताना नानी गेली.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला आम्ही पाच-सात जण गेलो. सगळे नानाच्या हातांकडे बघत होते. विझलेल्या चितेत काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं. नानाने काही न पाहता, काही न निवडता, सगळं हातांनी गोळा केलं. आम्ही प्रकाशा या तीर्थाच्या गावी गेलो. तापीच्या पाण्यात तो छातीपर्यंत आत शिरला आणि ते सगळं त्याने सोडून दिलं. हात पाण्यात तसेच ठेवून बराच वेळ उभा राहिला. माझ्या वडिलांनी शेवटी त्याला धरून बाहेर आणलं.

गाडीत तो माझ्याशेजारी बसला होता. अर्धी वाट सरल्यावर म्हणाला, "पानी थंडं व्हतं ना रे?"

मी म्हणालो, "हां नाना. थंडं व्हतं."

"तिनी जनमभर धूर खादा," तो म्हणाला.

कोपऱ्यातली मिरची त्या हिवाळ्यात लाल झाली. नाना तोडायला गेला नाही. पोपट खात होते, मग माझ्या आईने तोडली, वाळवली आणि त्याच्या ओसरीवर नेऊन ठेवली. महिन्याभराने बघितलं तर ती तिथेच होती. गनी चाचा भेटायला आला. सवयीने गाडीत कोळशाच्या चुऱ्याचं पोतं घेऊन आला होता. नानाकडे एकदा बघितल्यावर त्याने पोतं उतरवलंच नाही. दोघं ओसरीवर बसले, आईने चहा केला, आणि तो आला तसा पोत्यासकट परत गेला. मी पुढे काही वर्षं आमच्या शेताच्या एका तुकड्यात मुरवलेला कोळसा घालून पाहिला. चर काढले, मधली दोन वर्षं ज्वारीही घेतली. त्या तुकड्यात मर कमी झाली. पण एका तुकड्याने घर चालत नाही. गावाने हळूहळू मिरची सोडली आणि कापूस धरला.

नानाने तर शेती सोडली, शेत दुसऱ्याला अर्धेलीने कसायला दिलं. तो कुणाकडे फिरकेना. लग्नं झाली, चुलवणं पेटली आणि आपोआप विझून गेली. बादली घेऊन कुणी आलं नाही. आचारी सुद्धा एकदा मागे वळून बघत होता.

नानी गेली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात एके सकाळी नाना आमच्या दारात उभा. खांद्यावर शिडी, हातात पहार, दुसऱ्या हातात मडकं. माझी बायको बाळंत होऊन माहेरून परत आली होती. तिने घाईघाईने चुलीपुढचे कोळसे मागे सारले. नानाने चुलीकडे पाहिलंच नाही. तो वर बघत होता. आमचं घर धाब्याचं, वर मातीचा जाड थर, चुलीवरचा सगळा भाग काळा कुळकुळीत.

"बाई, पोरगाले लिसन भाईर बठ," तो तिला म्हणाला.

मग त्याने धाब्यावर चढून चुलीच्या बरोबर वर पहारीने भोक पाडलं. बूड फोडलेलं मडकं त्यावर पालथं बसवून भोवती माती लिंपली, पाऊस आत येऊ नये म्हणून वर आडोसा केला. खाली उतरला तेव्हा भुवयांपासून पायापर्यंत मातीने भरला होता. "आते चूल पेटाड," म्हणाला.

तिने पेटवली. धूर आधी घरात घुटमळला, मग एका रेघेत वर गेला. नाना उकिडवा बसून बघत होता.

"डोया झोंबतस का, बाई?"

"नही, नाना."

"खोकला?"

"नही."

तो बसून राहिला. तिच्या सगळ्या भाकरी होईपर्यंत बसला. मी म्हणालो, "नाना, हाई तुन्हा मनमा कसं उनं?"

"मन्हा मनमा नही उनं," तो म्हणाला. "ती सांगे. दरसाल सांगे, धाबाले एक भोक पाडी दे. मी म्हने, सकाय पाडसू. माले कोयसा करना व्हता."

पावसाळ्याच्या आत त्याने आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांना भोकं पाडली. कुणी नको म्हटलं तरी पाडली. एका म्हातारीने धाबं गळेल म्हणून शिव्या दिल्या, त्या त्याने शिडीवर उभ्यानेच ऐकून घेतल्या आणि भोक पाडूनच उतरला. संध्याकाळी गल्लीत उभं राहिलं तर घराघरावरून धुराच्या रेघा वर जाताना दिसायच्या. फक्त आमच्या शेजारच्या घरावर नाही.

माझ्या बायकोने एकदा त्याला वाढता वाढता विचारलं. तेव्हा तो आमच्याकडेच जेवत असे, कधी आमच्याकडे, कधी दुसऱ्या कुणाकडे. "नाना, सगयासना घरले भोक पाडं. तुमना घरले कव्हय पाडशात?"

नानाने घास तोंडात घातला, तो चावून गिळला, मग म्हणाला, "मन्हा घरमा आते कोन धूर करस?"

हात धुऊन त्याने भिंतीला टेकवलेली शिडी खांद्यावर घेतली आणि तो खालच्या गल्लीकडे गेला.